पाय दगड होतात ते, आणि ती कच्च्या तांदळाची मूठ

मॅडम, नमस्कार.

मी धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवर राहते. वय २०, वजन ४८ किलो. बारावी झाली, पोलीस भरतीची तयारी चालू आहे. आई-बाबा दसऱ्यानंतर साखर कारखान्याला ऊसतोडीला गेलेत. घरी मी, लहान भाऊ आणि आजी. पहाटे घाटाच्या रस्त्यानं वर-खाली पळते, तिथून अकॅडमीत. रविवारसुद्धा सोडत नाही. ८०० मीटरला पहिले ५०० मीटर मी सगळ्यांच्या पुढं असते, मग पाय दगड होतात. हलतच नाहीत. सर म्हणतात लॅक्टिक अॅसिड साचलंय, रोज जोरात पळाल्याशिवाय जळणार नाही. शिवाय तुझं मन कमजोर आहे म्हणतात. चार महिन्यांत टायमिंग ३.२५ वरून ३.१८ वर आलं, आता पुन्हा ३.२२. सकाळी पिंडऱ्या भरून यायल्यात, रात्री गोळे येतात, एकदम उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. सोबतची एक मुलगी ताकदीची सुई घेते, तिचं टायमिंग सुधारलं. घेऊ का? प्रोटीनचा डबा लागतो का? जेवण म्हणजे भाकरी, चटणी, कधी वरण. मला भूक कमीच आहे, स्वयंपाक करता करता कच्चे तांदूळ खायची सवय आहे, त्यातच पोट भरतं. आजी म्हणते, पोरीच्या जातीला एवढं पळणं झेपत नसतं. खरंच माझे पाय कमजोर आहेत का?

तुमची एक वाचक

*

लेकरा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा पायांसाठी आणि दुसऱ्यांदा त्या कच्च्या तांदळासाठी. तांदळाचं तू सहज लिहून गेलीस, पण माझा डोळा तिथंच अडकला. त्याच्याकडं येतेच. आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते: नाही, तुझे पाय कमजोर नाहीत. कमजोर पायांची पोरगी ५०० मीटर सगळ्यांच्या पुढं राहत नाही. तुझ्या पायांना रसद पुरत नाही, आणि दमलेल्या पायांना सावरायला तू वेळ देत नाहीस. या दोन्हींवर ‘मन घट्ट कर’ हा इलाज नव्हे.

रसद म्हणजे काय ते कळायला स्नायू कसा चालतो ते थोडं बघावं लागेल. मी बरीच वर्षं मेडिकलच्या पोरांना हा धडा शिकवला. त्यांना फळ्याऐवजी विहिरीवर नेलं असतं तर लवकर समजलं असतं, असं आता वाटतं. पोहरा ओढताना तू काय करतेस? दोर धरतेस, ओढतेस, सोडतेस, पुन्हा पुढं धरतेस. तुझ्या मांडीच्या एकेका तंतूत हेच चालू असतं. तिथं अॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे बारीक दोर असतात आणि त्यांच्या शेजारी मायोसिनचे जाड दोर. मायोसिनला बाहेर आलेली असंख्य डोकी असतात, ते हातच समज. हे हात अॅक्टिन धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढं धरतात. यात कुठलाच दोर आखूड होत नाही, एक दुसऱ्यावरून सरकतो. असं लाखो ठिकाणी एकदम झालं की स्नायू आखडतो आणि हाड ओढलं जातं. १९५४ साली हे दोन वेगळ्या गटांनी एकाच वेळी मांडलं. दोन्ही गटांत एकेक हक्सली होता, एक अँड्र्यू, दुसरा ह्यू. नात्यातले नव्हेत, पण परीक्षेत पोरं हमखास त्यांना भाऊ करून टाकायची.

स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. भरतीच्या गोळाफेकीत ४ किलोचा गोळा तू ढकलतेस असं वाटतं, पण दंडामागचा स्नायू कोपर ओढून सरळ करतो म्हणून तो सुटतो.

आता गंमत ऐक. त्या हाताला दोर सोडवून पुन्हा ताणून तयार व्हायचं असेल तर एटीपी नावाचा ऊर्जेचा कण लागतो. तो नसेल तर हात दोराला धरूनच राहतो. गावात मयताला उशिरा आंघोळ घालायची वेळ आली की हातपाय ताठ झालेले असतात, बायाबापड्यांना जोर लावावा लागतो. ते ताठपण याचंच. एटीपी संपला, हात सुटेनात.

ओढायचा हुकूम मेंदूतून निघतो, मणक्यातून शिरेवाटे येतो आणि स्नायूच्या दारात एक रसायन टाकतो. आत पिशव्यांत साठवलेलं कॅल्शियम मोकळं होतं, दोरावरचं झाकण बाजूला सरतं आणि हात दोर पकडतात. हे दार किती नाजूक आहे ते आपल्या भागात निराळं सांगायला नको. मण्यार चावलेल्या माणसाच्या आधी पापण्या जड होतात, मग श्वास थांबतो. स्नायू धडधाकट असतो, पण विषानं दार बंद पडतं आणि हुकूम आत जात नाही. फवारणीचं औषध अंगात गेलं तर उलटं होतं. काही कीटकनाशकांमुळं आलेला हुकूम पुसलाच जात नाही, स्नायू आधी फडफडतात आणि मग लुळे पडतात. दोन्ही वेळा घरचे म्हणतात, ‘अंगातली ताकदच गेली.’ ताकद तिथंच असते. तुझ्या बाबतीतही थोडं तसंच आहे, फक्त बिघाड दारात नसून पुरवठ्यात आहे.

तर पुरवठा. स्नायूत तयार एटीपी जेमतेम दोन-तीन सेकंदांचा असतो. तो हातातला सुटा पैसा. त्याच्या मागं क्रिएटिन फॉस्फेट, कनवटीला खोचलेली नोट, जोरात पळालं तर आणखी सात-आठ सेकंद. तुझं १०० मीटर बहुतेक या दोनांवर आणि पुढच्यावर निघतं. पुढचं म्हणजे ऑक्सिजनशिवाय साखर फोडणं. त्यात पैसा झटकन हातात येतो, पण एका ग्लुकोजमागं एटीपी निव्वळ २. त्याच ग्लुकोजला ऑक्सिजन मिळाला तर साधारण ३०. ही रोजची मजुरी, हळू येते पण पुरते. आणि ऑक्सिजनशिवायची ती मुकादमाची उचल. तुझ्या घरात हा शब्द फोडून सांगायची गरज नाही. उचल वाईट नाही, अडीनडीला तीच कामाला येते. पण ती किती लवकर घ्यावी लागते यावर वर्ष कसं जाणार ते ठरतं.

तीन-सव्वातीन मिनिटांच्या पळण्यात अर्ध्याहून जास्त ऊर्जा मजुरीतून, म्हणजे ऑक्सिजनवर आली पाहिजे. तुझी ती येत नाही. म्हणून पहिल्या ५०० मीटरलाच तू सगळी उचल उडवून बसतेस. मग तंतूंत फॉस्फेट आणि आम्ल साचतं, पिशव्यांतून कॅल्शियम नीट सुटत नाही, हातांची पकड ढिली पडते. मेंदू हुकूम सोडतोय, दारही उघडं आहे, पण ओढणारे हात थंडावलेत. तुझे ‘दगड’ ते हे.

आता लॅक्टिक अॅसिडचं. तुझ्या सरांचा मला राग नाही. मी शिकले तेव्हा आम्हालाही तसंच शिकवलं होतं आणि पुढं काही वर्षं मीही तेच शिकवलं. पण जोरात पळाल्यावर वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे सरांचं ते लॅक्टिक, तासाभरात बहुतेक उतरतं. त्याचा कचरा होत नाही. हृदय ते जाळण म्हणून वापरतं, आणि यकृत त्याची पुन्हा साखर करतं. हे कोरी नवरा-बायकोनं दाखवलं, त्यांना १९४७ साली नोबेल मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या पिंडऱ्यांत ‘जाळायला’ कालचं लॅक्टिक उरलेलंच नसतं. म्हणजे ते जाळायला रोज जोरात पळ, हा सल्ला नसलेल्या चोराला पकडायला सगळ्या गावाला पहाऱ्यावर बसवण्यासारखा आहे.

मग सकाळी पाय का भरून येतात? घाट बघ. चढताना धाप लागते पण दुखणं उतरतानाचं असतं. उतरताना मांडीचा आणि पोटरीचा स्नायू आखडत आखडत नाही, ताणला जात जात भार झेलतो, ब्रेक लावल्यासारखा. अशा ताणात तंतूंना सूक्ष्म इजा होतात, सूज येते, आणि दुखणं लगेच न येता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. शरीर ते दुरुस्त करतं आणि आधीपेक्षा पक्कं करतं. तोच उतार तीन आठवड्यांनी पुन्हा पळालीस तर निम्मंसुद्धा दुखणार नाही. पण दुरुस्तीला निदान दोन दिवस लागतात आणि तू दुसऱ्याच पहाटे पुन्हा उतारावर असतेस. गवंड्याला लिंपू न देता रोज भिंत खरवडायची आणि वर विचारायचं, भिंत पक्की का होत नाही!

आता तांदूळ.

कच्चे तांदूळ, भाजकी माती, खापर, पाटीवरची पेन्सिल, बर्फ, असं काहीबाही खावंसं वाटणं ही नुसती सवय क्वचितच असते. शरीरात लोह कमी झालं की पुष्कळ बायकांना अशी ओढ लागते. का लागते त्याचा नीट उलगडा झालेला नाही, पण लोह भरून आलं की ती ओढ आपोआप सुटते. हे मी इतक्या वेळा पाहिलंय, की कुणी पदरात तांदूळ घेऊन बसलेली दिसली तर मी तिच्या खालच्या पापणीचा रंग बघते. त्यात तुझी अंधारी, कमी भूक, थांबलेलं टायमिंग. ही सगळी एका माळेतली दिसतात. पाळीबद्दल तू काही लिहिलं नाहीस. जास्त जाते का, सात-आठ दिवस राहते का, की पळायला लागल्यापासून चुकायला लागली, हे डॉक्टरांना सांगायला लाजू नकोस.

पायाशी याचा संबंध काय? फुप्फुसातून ऑक्सिजन उचलून मांडीपर्यंत नेणारं हिमोग्लोबिन लोहाचं. तो मांडीत ठेवून घेणारं मायोग्लोबिनही लोहाचं. आणि ऑक्सिजनवर एटीपी बनवणाऱ्या यंत्रातले कितीतरी भागही लोहाचेच. म्हणजे लोह कमी असलं की मजुरी बुडते आणि सगळा भार उचलीवर येतो. १०० मीटरला हे फारसं जाणवत नाही, ८०० ला ५०० नंतर जाणवतं. तुझ्या पत्रात नेमकं हेच लिहिलंय. मी तुला तपासलेलं नाही, तेव्हा हा अंदाज आहे. पण अंदाज चूक ठरला तर मला आश्चर्य वाटेल. तू एकटी नाहीस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांत रक्त कमी निघालं होतं.

उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि हिमोग्लोबिन तपासून घे. तुझ्या वयाला १२ च्या खाली म्हणजे कमी. जमलं तर तालुक्याच्या लॅबमध्ये फेरिटिनही बघ, कारण हिमोग्लोबिन उतरायच्या आधी लोहाचा साठा रिकामा होतो आणि तो आकडा तिथं दिसतो. लोहाच्या गोळ्या केंद्रात फुकट मिळतात, पण किती आणि किती दिवस ते तिथल्या डॉक्टरांना ठरवू दे. जंताची गोळीही विचार. लोहाच्या गोळीनं शौचाला काळं होतं, घाबरू नकोस. मळमळलं तर जेवणानंतर घे. गोळी लिंबूपाण्यासोबत चालते, चहासोबत नाही, आणि जेवणाच्या मागंपुढं तासभर चहा बंद. आपल्याकडं भाकरीवर चहा ओतून खातात ना, तिथंच निम्मं लोह वाया जातं. अंधारी दोन-तीन आठवड्यांत कमी होईल. मुली तेवढ्यावर गोळ्या सोडतात आणि तिथंच चुकतात. आकडा वर आल्यावरही साठा भरायला साधारण तीन महिने लागतात. आणि आकडा महिन्याभरात हललाच नाही, तर परत जा, कारण तेव्हा दुसरं काही शोधावं लागतं. रिपोर्ट येईपर्यंत जोराचं पळणं बंद, हळू पळ.

हळू पळ म्हटलं की भरतीच्या पोरांना अपमान वाटतो. शेजारणीशी गप्पा मारता येतील इतकं हळू पळणं म्हणजे वेळ घालवणं नव्हे. त्यानंच स्नायूत केशवाहिन्या वाढतात, ऑक्सिजनवर चालणाऱ्या भट्ट्या वाढतात, म्हणजे मजुरीचा दर वाढतो. तुझा आठवडा मी असा लावला असता: जोराचं पळणं दोनच दिवस, मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर. एकदा २०० मीटरचे पाच-सहा तुकडे, मधे चालत दम घेत. एकदा ४००-६०० चे तीन-चार. बाकी चार दिवस गप्पांच्या वेगानं, त्यातले दोन दिवस नंतर बैठका, टाचा उचलणं आणि गोळाफेक. उरलेला एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि त्या दिवशी धुणं-हंडे भावाच्या गळ्यात घाल. घाट आठवड्यातून एकदा, चढताना पळत आणि उतरताना चालत. बैठका नव्यानं सुरू केल्यास की पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताकद वाढलेली दिसेल पण मांडी जाड होणार नाही, कारण सुरुवातीला सुधारतो तो हुकूम. मेंदू एकाच वेळी जास्त तंतू कामाला लावायला शिकतो. तंतू जाड होणं त्याच्या मागून येतं, आणि ते मैदानावर होत नाही, झोपेत आणि जेवणानंतर होतं.

तुला वाटत असेल, काही जण जन्मतःच पळणारे असतात. थोडं खरं आहे. घरी गावरान कोंबडी कापली की तंगडीचं मटण लालसर निघतं आणि छातीचं पांढरं. दिवसभर चालणाऱ्या पायात मायोग्लोबिन भरलेले, न थकणारे संथ तंतू. छातीत कधीतरीच भुर्रकन उडायला लागणारे जलद तंतू, जोरदार पण लगेच दमणारे. माणसात हे दोन्ही प्रत्येक स्नायूत मिसळलेले असतात, कुणात एक जास्त तर कुणात दुसरे. आईबापाकडून काय आलं ते बदलता येत नाही, पण मधल्या जातीचे काही जलद तंतू सरावानं बरेच चिवट होतात. आपल्याच बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर फौजेत गेला. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं. शाळेला पायी जायची यायची त्याची सवय सगळ्यांना माहीत आहे. ते पहिलं हळू पळणंच होतं, कुणी त्याला सराव म्हटलं नाही एवढंच.

जेवणाचं बघू. प्रोटीनचा डबा नको. ४८ किलोच्या साध्या माणसाला रोज ४० ग्रॅम प्रथिनं पुरतात. तू घाम गाळतेस, तर तुला ६० च्या आसपास हवीत. दिवसात चार भाकरींतून अंदाजे ३०, दोन वाट्या घट्ट वरणातून १३, मूठभर शेंगदाण्यांतून ७, अंडी चालत असतील तर दोन अंड्यांतून १२. झाली बेरीज. अंडी चालत नसतील तर हुलग्याचे शेंगोळे, हरभऱ्याची उसळ, किंवा ३० ग्रॅम सोयाबीन वडीतून १५. घरचं सोयाबीन कच्चं किंवा नुसतं भिजवून खाऊ नकोस, नीट शिजवलंच पाहिजे. ‘कधी वरण’ मधला ‘कधी’ तेवढा काढून टाक. पण प्रथिनांच्या आधी पोटभर जेव. उपाशी शरीर प्रथिनं बांधकामाला न लावता चुलीत घालतं. पहाटे रिकाम्या पोटी घाटात जाऊ नकोस, अर्धा तास आधी एखादं केळं नाहीतर गुळाचा खडा आणि चार शेंगदाणे. पळून आल्यावर तासाभरात भाकरी-वरण. ग्लुकोजच्या पुड्यांवर पैसे घालायचं काही कारण नाही.

रात्रीचा गोळा. गोळा आला की पोटरी चोळत बसण्याआधी पाय सरळ कर आणि पावलाची बोटं नडगीकडं ओढून धर. ताणलं की सुटतो. पाणी-मीठ कमी पडल्यानं गोळे येतात असं सगळे म्हणतात. उन्हाळ्यात घामाघूम झाल्यावर ते काही अंशी खरं आहे, पण थंडीच्या रात्री येणारा गोळा बहुधा दमलेल्या स्नायूच्या शिरा उगाच हुकूम सोडत राहिल्यामुळं असतो. २०१० साली अमेरिकेत एका प्रयोगात गोळा आलेल्यांना काकडीच्या लोणच्याचं पाणी पाजलं, तर दीडेक मिनिटात गोळा सुटला. एवढ्यात मीठ रक्तात पोचतही नाही. म्हणजे घशातल्या आंबट-खारट झटक्यानंच शिरा गप्प झाल्या असाव्यात. आमची आजी गोळा आला की कैरीच्या लोणच्याचा खार चाटवायची, तेव्हा आम्ही हसायचो. एप्रिल-मेमध्ये मात्र ऊन चढायच्या आत मैदान सोड. स्नायू जाळलेल्या ऊर्जेपैकी पाव हिस्साच कामाला लावतो, बाकी सगळी उष्णता होते, आणि ४२ अंशांत ती अंगाबाहेर टाकायला जागा उरत नाही. खूप घाम गेलाय असं वाटलं तर १ लिटर पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं मोजून. कडक उन्हात मर मर पळाल्यावर लघवी काळपट-तांबडी झाली तर घरी न थांबता दवाखाना गाठ. नडगीवर एका ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल तरी पळणं थांबवून दाखव. उपाशीपोटी पळणाऱ्या मुलींच्या हाडाला तिथं बारीक चीर जाते.

सुई. घेऊ नकोस. ‘ताकदीची सुई’ या नावाखाली आपल्याकडं दोन वेगळ्या वस्तू टोचतात. एक पुरुषी संप्रेरकाच्या जातीची. तिनं स्नायू वाढतो, खोटं कशाला बोलू. पण मुलीचा आवाज घोगरा होतो, ओठावर-हनुवटीवर केस येतात, पाळी बंद पडते, आणि घोगरा झालेला आवाज सुई सोडल्यावरही परत येत नाही. दुसरी डेक्सामेथासोनसारखी. ती टोचली की दोन दिवस अंग हलकं वाटतं, भूक लागते, तोंड गोल भरतं, घरचे म्हणतात पोरगी सुधारली. आणि आतून तीच सुई वारंवार घेतली की मांडीचा स्नायू खाते. जिचा उपयोग पायासाठी म्हणून करायचा, ती पायच पोखरते! तुझ्या मैत्रिणीला कुठली टोचतात ते मला माहीत नाही, तिलाही नसेल. बाटली बघायला माग म्हणावं. सुईवर जातील त्या पैशांत अंडी येतील. पळायच्या आधी दुखणं मारायची गोळीही नको, घाम गेलेल्या अंगात ती मूत्रपिंडावर जाते.

राहिली आजी. पोरीच्या आणि पोराच्या स्नायूत दोर तेच, हात तेच, हुकूम तोच. सारख्याच जाडीचा स्नायू घेतला तर जोरही जवळपास सारखा. पोरांचे स्नायू जाड असतात म्हणून ते जास्त ओढतात एवढंच. आणि आपापल्या ताकदीच्या मानानं सारखाच भार धरून ठेवायचा म्हटलं, तर बायकांचे स्नायू बऱ्याचदा उशिरा दमतात. हे आजीला सांगू नकोस, तिला नुसतं विचार, की उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना कोणाच्या जातीला झेपत होतं ते. उत्तर देताना ती हसली तर तिलाही कामाला लाव. ओट्यावर बसून हात न टेकता उठायचं, पुन्हा बसायचं, आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. सुरुवातीला तू समोर उभी राहा. वय झालं म्हणजे स्नायू वाढायचे थांबतात असं नाही. १९९० साली बोस्टनमध्ये नव्वदीच्या दहा म्हाताऱ्या माणसांकडून आठ आठवडे वजनं उचलून घेतली, तर पायांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. त्यातल्या कुणी कधी ऊस तोडला नसेल.

पुढचं पत्र लिहिशील तेव्हा टायमिंग कळवू नकोस, हिमोग्लोबिन कळव. आणि तांदळाचा डबा आजीच्या हवाली कर, शिजवण्यापुरते तेवढे मागून घे.